शारदेचं 'नाही' कुणी ऐकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एम.ए.च्या प्रकल्पासाठी तुम्ही 'संगीत शारदा' घेतलंय. बाईंनी सांगितलं, स्त्रीवादी दृष्टीने वाच. वाचलंत आणि वैतागलात. शारदा नाटकभर घाबरते, रडते, जीव द्यायला निघते, शेवटी एक तरुण येऊन तिला वाचवतो. 'यात स्त्रीवाद कुठे शोधू? त्यापेक्षा इब्सेनच्या 'अ डॉल्स हाऊस'मधली नोरा बरी, निदान दार आपटून जाते तरी. नाटक बदलू का? शिवाय एक प्रवेश सादरही करायचा आहे.'

नाटक बदलू नका. वैतागलात ते बरंच झालं, कारण कामाची सुरुवात तिथूनच होते. मी तीसेक वर्षं हौशी मंडळींची आणि विद्यार्थ्यांची नाटकं बसवली. 'शारदा' दोनदा बसवलं. पहिल्या वेळी चुका केल्या, दुसऱ्या वेळी त्यातल्या काही सुधारल्या. जे सांगते आहे ते त्यातूनच आलेलं आहे.

आधी एक कबूल करते. उत्तर तुमच्या प्रकल्पाच्या चौकटीवर अवलंबून आहे. विभागाला तौलनिक काम हवं असेल तर नोरा हवीच. एकाच संहितेत खोल उतरायचं असेल तर 'शारदा' पुरून उरतं. आणि सादर करायचं असेल तर तुमच्याकडे गाणारी मुलगी आहे की नाही, यावर अर्धा निर्णय ठरतो.

खरी अडचण शारदा दुबळी असण्यात नाही. अडचण तुम्ही नाटकाला विचारलेल्या प्रश्नात आहे. 'ही बाई खंबीर की दुबळी' हा प्रश्न परीक्षेत पास-नापास ठरवण्यासारखा आहे. तो विचारला की शारदा नापास, नोरा पास, आणि बोलण्यासारखं काही उरत नाही. मी विद्यार्थ्यांना वेगळं विचारायला लावते. या बाईचा नकार कोण ऐकतं? कुठे ऐकतं? आणि जिथे निर्णय होतो तिथे त्या नकाराला किती वजन असतं?

या प्रश्नाने गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक उघडून पाहा. कांचनभट पैशाच्या लोभाने मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' हे पद तुमच्या आजीलाही पाठ असेल. आता लग्न कशामुळे थांबतं ते बघा. मुलीला नको आहे म्हणून? नाही. वर पंचाहत्तरीचा आहे म्हणून? तेही नाही. कोदंड, म्हणजे तिला वाचवणारा तो तरुण, वधूवर सगोत्र असल्याचं उघड करतो म्हणून थांबतं. हरकत शास्त्राची आहे, मुलीची नाही. पुढे ती पुन्हा लग्नाला मोकळी आहे का, हेही ती ठरवत नाही. मोडलेलं लग्न विधीने पूर्ण झालंच नव्हतं, असा निर्वाळा शंकराचार्यांकडून यावा लागतो, तेव्हा कुठे कोदंडाशी लग्नाची वाट मोकळी होते.

म्हणजे सबंध नाटकाला माहीत आहे की शारदेला हे नको आहे. प्रेक्षकांना माहीत आहे, आईला माहीत आहे, मैत्रिणींना माहीत आहे. पण ज्या यंत्रणेने लग्न ठरतं आणि मोडतं, त्या यंत्रणेत तिच्या 'नाही'ला चार आण्याचीही किंमत नाही. देवलांनी हे जाणूनबुजून दाखवलं का? माझ्या मते अर्धं जाणून, अर्धं त्या काळाच्या हातून आपोआप. त्यांचा रोख कन्याविक्रयावर आणि जरठ-बाला विवाहावर आहे आणि तो नेमका आहे. मुलगी 'दिली' जाते या कल्पनेवर मात्र तो रोख नाही. विकू नका, योग्य वराला द्या, इथपर्यंत नाटक येतं. 'देणारे तुम्ही कोण' इथपर्यंत येत नाही. प्रकल्पाचा मुद्दा मला विचाराल तर या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

तुम्ही म्हणाल, १८९९ सालच्या नाटकाकडून एवढी अपेक्षा करायची म्हणजे आजचं मोजमाप मागच्या काळाला लावणं झालं. हा आक्षेप परीक्षक हमखास घेतात, म्हणून उत्तर तयार ठेवा. 'देणारे तुम्ही कोण' हा प्रश्न त्या काळात बायकांनी विचारलेला होता, आणि तोही मोठ्याने. रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नव्हत्या. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पुढे अपील झालं, प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं, आणि १८८७ मध्ये हुकूम निघाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या. ज्या लग्नाला मी समजून-उमजून होकार दिला नाही ते मला बांधत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. 'शारदा' रंगभूमीवर यायच्या दहा-बारा वर्षं आधी हे सगळं वर्तमानपत्रांतून घरोघरी वाचलं गेलं होतं. तेव्हा मोजमाप आजचं नाही, त्याच काळातलं आहे. कोर्टात एका बाईचा नकार उभा राहू शकला, मग रंगमंचावर का राहू शकला नाही, असा प्रश्न मांडा.

१८८२ हे सालही असंच टिपून ठेवा. त्या वर्षी पुण्यात किर्लोस्करांचं 'सौभद्र' आलं. सुभद्रेचं अर्जुनावर प्रेम, बलरामाने ठरवलेला दुर्योधन, आणि पडद्याआडून सूत्रं हलवणारा कृष्ण. 'वद जाऊ कुणाला शरण' असं ती गाते ते किती गोड! पण शब्द ऐका. तिच्यापुढचा प्रश्नच मुळी शरण कुणाला जायचं हा आहे. त्याच वर्षी ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' छापून आलं आणि बायकांवर येणारा प्रत्येक आळ त्यांनी उचलून पुरुषांच्या पदरात टाकला. त्याच वर्षी पंडिता रमाबाई हंटर आयोगापुढे मुलींच्या शिक्षणाबद्दल साक्ष देत होत्या. एकाच वर्षी, बहुतेक एकाच मुलखात, या तीन गोष्टी. रंगभूमीला यांतली एकच दिसली.

दिसल्या नाहीत म्हणणंही पूर्ण खरं नाही. काहींना दिसल्या आणि झोंबल्या. पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली आणि १८८६ मध्ये नारायण बापूजी कानिटकरांची 'तरुणीशिक्षण नाटिका' आली. शिकलेल्या मुली कशा बिघडतील याची ती टवाळी. पुढे शाहूनगरवासी मंडळींनी गाजवलेली 'त्राटिका' घ्या, वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरवरून केलेली. वठणीवर आणायच्या बायकोला नाव दिलं ते रामाच्या बाणाने मेलेल्या राक्षसीचं. हे नाव आजही आपण भांडखोर बाईला लावतो, नाटक कुणी पाहिलेलं नसलं तरी. या शेजारात ठेवून 'शारदा' वाचा, मग देवलांचं मोठेपणही दिसेल. मुलीच्या भीतीची टिंगल न करता ती सबंध नाटकाच्या मध्यभागी ठेवणं हे तेव्हा सोपं नव्हतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं सांगते. यावर मी थोडी रेंगाळणार आहे.

संगीत नाटकात बाईचं मन पदातून बाहेर येतं. गद्यात ती वडिलांपुढे मान खाली घालून उभी राहील, पण पद लागलं की जे बोलायची सोय नाही ते गाऊन टाकेल. 'मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली' हे असं पद आहे. मग होतं काय? प्रेक्षक त्या भीतीला 'वन्स मोअर' देतात. एका मुलीची दातखीळ बसायची वेळ आलेली असते आणि पुढच्या रांगेतले रसिक माना डोलावत ती भीती दुसऱ्यांदा मागून घेतात. हे मी टोमण्याने म्हणत नाही, मीही डोलावली आहे. पण स्त्रीवादी वाचन करायचं म्हटलं की हे बघायला हवं, की तिचं दुःख बोलायला जागा मिळाली ती फक्त गाण्यात, आणि गाणं झालं की ते ऐकणाऱ्यांच्या सुखाचा भाग बनलं.

त्यात आणखी एक पदर. शारदेचं काम करणारा पुरुष होता. 'सौभद्र'मधली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व. नामवंत संगीत मंडळींत घरंदाज बाईने उभं राहणं शक्यच नव्हतं. बायका रंगमंचावर अजिबात नव्हत्या असं मात्र लिहू नका, ती चूक बहुतेक प्रकल्पांत असते. कलावंतिणींच्या घरांतल्या स्त्रियांच्या नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकातच होत्या, तमाशाच्या फडातही बायका होत्या. त्यांना 'कलावंत' म्हणून प्रतिष्ठा नव्हती एवढंच. म्हणजे कुलीन मुलीचं दुःख रंगमंचावर यायचं ते पुरुषाच्या गळ्यातून, आणि ज्या बायका खरोखर रंगमंचावर होत्या त्यांचं दुःख नाटकाचा विषयच झालं नाही. हा जातीचा प्रश्नही आहे. 'शारदा' हे भटाभिक्षुकांच्या घरातलं नाटक आहे, ते 'स्त्रियांचं' नाटक म्हणून वाचताना कुठल्या स्त्रियांचं हे एकदा स्पष्ट लिहा.

यावरून माझा एक अनुभव. दुसऱ्यांदा नाटक बसवताना शारदा करणारी मुलगी फार छान गायची. 'मूर्तिमंत भीती'त तिने अशा काही ताना घेतल्या की तालमीला बसलेले सगळे वाहवा करायला लागले. मला काहीतरी खटकत होतं, पण बोट ठेवता येईना. शेवटी तीच म्हणाली, 'ताई, मी घाबरलेली आहे की मैफिलीत बसलेली आहे?' आम्ही ताना काढल्या. पेटी जवळजवळ बंदच केली. श्वास लागलेल्या माणसाने म्हणावं तसं तिने ते पद म्हटलं, आईकडे बघत. प्रयोगाला त्या पदावर टाळी आली नाही. जुन्या रसिकांपैकी एकजण नंतर रागावून म्हणाले, 'पदाचा खून केलात.' असेल. पण त्या रात्री पहिल्यांदा मला ती मुलगी ऐकू आली.

आईचा उल्लेख झालाच आहे तर माझी पहिल्या वेळची चूक सांगते. वेळ कमी होता म्हणून मी इंदिरेचे, म्हणजे शारदेच्या आईचे संवाद निम्मे छाटले होते. 'रडकी आई, काय करायची आहे' असा माझा तेव्हाचा विचार. नंतर कळलं की नाटकातलं सगळ्यात अवघड पात्र तेच आहे. तिचा या लग्नाला विरोध आहे, ती नवऱ्याशी बोलते, आणि तिच्या बोलण्याने काही बदलत नाही. शारदेचं पुढे काय होणार याचं चित्र घरातच उभं आहे आणि ते आहे इंदिरा. तिचं लग्न कुणा म्हाताऱ्याशी झालेलं नाही, तरी तिचा शब्द चालत नाही. म्हणजे खोट केवळ नवऱ्याच्या वयात आहे, हे नाटकाचं वरवरचं म्हणणं नाटकातलंच हे पात्र मोडून काढतं. प्रकल्पात एक संपूर्ण प्रकरण इंदिरेवर करा. त्यावर लिहिणारे कमी आहेत.

आणखी एक पात्र आहे जे रंगमंचावर येतच नाही. पंचाहत्तरीच्या नवऱ्याची बायको काही वर्षांत काय होणार? विधवा. तेव्हाच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ केशवपन, लाल आलवण आणि उरलेला जन्म स्वयंपाकघरात. प्रेक्षकांना हे सांगावं लागत नव्हतं, शेजारच्या घरात दिसत होतं. 'मूर्तिमंत भीती'तली भीती नुसती म्हाताऱ्याची नाही, या पुढच्या जन्माची आहे असं धरून ते पद वाचा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी घर काढलं त्याचं नाव 'शारदा सदन'. नाटक त्यानंतर दहा वर्षांनी आलं. आणि १९२९ चा बालविवाहबंदीचा कायदा आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, तो या नायिकेवरून नव्हे, तो मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी 'नाटकाने कायद्याला नाव दिलं' ही गोष्ट कृपा करून प्रबंधात घालू नका. तीन शारदा एका रांगेत आल्या हा योगायोग आहे. मलाही तो आवडतो, पण पुरावा म्हणून तो कामाचा नाही.

आता नोरा. १८७९ मध्ये कोपनहेगनला 'अ डॉल्स हाऊस' आलं. नोरा दार लावून निघून जाते. पण जाण्याआधीचं बघा. तिने नवऱ्याच्या उपचारासाठी कर्ज काढलं, आणि कायद्याने बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नव्हतं, म्हणून वडिलांची खोटी सही केली. तिच्याही स्वतःच्या सहीला किंमत नव्हतीच. म्हणजे शारदा आणि नोरा एकाच भिंतीशी उभ्या आहेत, फरक इतकाच की इब्सेनने शेवटच्या अंकात नोराला नवऱ्यासमोर बसवून बोलू दिलं. आणि तेही लोकांना पचलं नाही. जर्मनीत नोराचं काम करणाऱ्या नटीने, मुलांना सोडून जाणारी बाई मी करणार नाही, असं म्हटल्यावर इब्सेनला नाइलाजाने १८८० मध्ये दुसरा शेवट लिहून द्यावा लागला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दारात कोसळते आणि घरातच राहते. पुढे १८९८ मध्ये नॉर्वेतल्या स्त्रीहक्क संघटनेने त्याचा सत्कार केला तेव्हा तो म्हणाला, स्त्रियांच्या चळवळीसाठी जाणीवपूर्वक काम केल्याचा मान मला घेता येणार नाही, मी माणसांबद्दल लिहिलं. म्हणून लेखकाला 'तू स्त्रीवादी आहेस का' असं विचारण्यात वेळ घालवू नका, मग तो इब्सेन असो की देवल.

नोराच्या मोहात मीही पडले होते. पहिल्या 'शारदे'चा शेवट मी बदलला. माझी शारदा कोदंडाला नकार देते आणि प्रेक्षागृहातून चालत बाहेर जाते. टाळ्या पडल्या, परीक्षकांनी पाठ थोपटली. घरी आल्यावर मला त्याची लाज वाटली. १८९९ मधली ही मुलगी जाणार कुठे? माझ्या शेवटाने प्रेक्षकांना मोकळं केलं, तिला नाही. देवलांचा शेवट ठेवा. शंकराचार्य निर्वाळा देतात, सगळे आनंदतात. त्या सगळ्यात शारदा कुठे उभी आहे, तिच्याकडे कुणी बघतंय का, तिला काय वाटतं हे कुणी विचारतंय का, एवढंच दाखवा. दुसऱ्या वेळी मी तिला त्या गर्दीत कडेला उभं केलं. बाकी सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. एक शब्दही बदलावा लागला नाही.

सादरीकरणासाठी मैत्रिणींचा प्रवेश घ्या, शंकराचार्यांचा नको. मुली एकमेकींत कशा बोलतात, थट्टा कशी करतात, श्रीमंत नवऱ्याच्या गोष्टी करता करता भीती मध्येच कशी शिरते, हे तिथे आहे. पुरुष नसताना बायका बोलतात अशी जागा त्या काळच्या नाटकात फार सापडत नाही. शिवाय गाण्याचा भार तीन-चार जणींत वाटला जातो, हा व्यवहाराचा फायदा.

आणि लिहायला बसण्याआधी एक काम करा. संहितेची झेरॉक्स काढा आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. शारदा बोलते तिथे एक रंग, तिच्याबद्दल दुसरे बोलतात तिथे दुसरा. समासात लिहा की त्या वेळी खोलीत कोण आहे. वडील समोर असताना तिची वाक्यं किती लांबीची, आई असताना किती, मैत्रिणींत किती, एकटी असताना गद्य किती आणि पद किती, हे मोजा. माझ्या विद्यार्थ्यांना याला दोन संध्याकाळ लागतात. ते झालं की मोजलेले आकडे इथेच टाका, मग मांडणी कशी करायची ते बघू.